निर्वासितांवर नाटक करायचंय? आधी आपल्या बाजूची पात्रं उभी करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 20 जूनला जागतिक निर्वासित दिन असतो. त्या निमित्ताने पुण्यातल्या तुमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळाला 40 मिनिटांचा कार्यक्रम करायचा आहे. एक पथनाट्य, चार-पाच कविता आणि शेवटी एखाद्या खऱ्या निर्वासिताचं मनोगत, असा आराखडा आहे. गटात कोणी निर्वासित नाही. शेवटच्या प्रसंगात मुलं फाटक्या कपड्यांत, हातात गाठोडी घेऊन प्रेक्षकांतून चालत येणार आहेत. आणि तुम्ही विचारता की हे पाहून लोकांच्या डोळ्यांत पाणी यावं, पण नाटकी वाटू नये, यासाठी काय करावं.

मी बरीच वर्षं पथनाट्यं बसवते आणि कवितेच्या कार्यशाळा घेते. या विषयावर तिबेटी तरुणांबरोबर, पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलामुलींबरोबर आणि उल्हासनगरमधल्या फाळणी पाहिलेल्या आजी-आजोबांबरोबर काम केलं आहे. त्या आधारावर उत्तर देते. तुमचा प्रेक्षक कोण आहे, तुमच्या ओळखीत खरंच कोणी निर्वासित आहे का, असेल तर त्याच्या कागदपत्रांची अवस्था काय आहे, यावर बरंच काही अवलंबून आहे. ते त्या त्या ठिकाणी सांगते. पण एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते: तुमची अडचण अभिनयाची नाही. मंचावर कोण कोणाच्या वतीने बोलतंय आणि त्या बोलण्याची किंमत कोण मोजणार आहे, हे ठरलेलं नाही. ते ठरलं की अभिनयाचे निम्मे प्रश्न सुटतात.

आधी डोळ्यांतल्या पाण्याबद्दल. 2015 च्या सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका चिमुकल्या सीरियन मुलाचं छायाचित्र जगभर पसरलं. लोक हेलावले, देणग्यांचा ओघ एकदम वाढला आणि काही आठवड्यांत ओसरला. युद्ध तसंच चालू होतं, बोटी तशाच बुडत होत्या. लोकांना रडू आलं ते खरंच होतं. पण रडून झालं की मन मोकळं होतं, आणि मोकळं झालेलं मन घरी जाऊन झोपतं. तुम्हाला जागृती हवी असेल तर प्रेक्षकाच्या मनात एखादी गोष्ट अडकून राहिली पाहिजे. ती रडण्यातून क्वचितच अडकते. न सुटलेल्या प्रश्नातून अडकते.

फाटक्या कपड्यांचा प्रसंग काढून टाका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा पुण्यात शिकणारी अफगाण मुलं इथेच अडकली. कागदावर विद्यार्थी, घरी परतायला वाट नाही. त्यांचे कपडे तुमच्या-माझ्यापेक्षा नीटनेटके होते. ज्यांना घर सोडावं लागतं त्यांत डॉक्टर असतात, दुकानदार असतात, गणिताच्या शिक्षिका असतात. त्यांच्यातलं कोणी तुमच्या प्रेक्षकांत बसलेलं असेल आणि समोरून विशीतली मुलं तोंडाला काजळी फासून त्यांचंच सोंग घेऊन येताना पाहील, तर त्याला काय वाटेल एवढाच विचार करा. गाठोडं आणि चिंध्या दाखवून आपण प्रेक्षकाला सांगतो की निर्वासित ही वेगळीच जमात आहे. कार्यक्रमाचा हेतू तर याच्या उलट आहे.

मग करायचं काय? निर्वासिताची भूमिका करू नका, यजमानाची करा. घरमालक, सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतली बाई, शाळेतला प्रवेशाचा क्लार्क, शेजारीण, वाणी. ही माणसं तुम्हाला आतून माहीत आहेत. त्यांची भाषा तुमची आहे, त्यांची भीती आणि त्यांचा चांगुलपणा दोन्ही तुम्ही घरात पाहिले आहेत. शिवाय तुमचा प्रेक्षक नेमका यांच्यातलाच आहे. जगाच्या पाठीवर निर्वासिताचं पुढे काय होतं हे शेवटी अशाच माणसांच्या हो-नाहीवर ठरतं.

याचं मला पटलेलं मोठं उदाहरण म्हणजे अमल. 2021 च्या जुलैमध्ये सीरियाच्या सीमेजवळच्या गाझियानतेप शहरातून साडेतीन मीटर उंचीची एक बाहुली निघाली. नऊ वर्षांची सीरियन मुलगी, आईच्या शोधात. दक्षिण आफ्रिकेतल्या हँडस्प्रिंग कंपनीने ती घडवली होती. सुमारे 8,000 किलोमीटरचा प्रवास करून ती नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरला पोहोचली. अमल एक शब्दही बोलत नाही. ती गावात येते, उभी राहते, मान वळवून बघते. नाटक करतं ते गाव. कुठे शाळेतली मुलं तिला घेऊन मिरवली, कुठे बँड वाजले. ग्रीसमधल्या लारिसा शहरात तिच्यावर दगड फेकले गेले आणि मेतेओरा इथल्या नगरपरिषदेने तिला यायलाच नकार दिला. मुलीच्या बाहुलीला दगड मारणारं शहर स्वतःबद्दल जे सांगून गेलं, ते दहा भाषणांतून सांगता आलं नसतं. रचनेच्या दृष्टीने पाहा: निर्वासित पात्र गप्प आहे आणि सगळी कृती यजमानांकडे आहे.

तुमच्याकडे बाहुली करायला पैसे नसतील, गरजही नाही. पुण्यात चालेल असा एक प्रसंग सुचवते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरमालकीण बाई, एजंट आणि सोसायटीचे सेक्रेटरी असे तिघे. भाड्याने खोली हवी असलेला तरुण मंचावर नाहीच. तो खाली रिक्षात सामान घेऊन बसला आहे. वर चर्चा चालू आहे: आधार कार्ड नाही म्हणतो, मग करार कसा करायचा? परदेशी माणूस ठेवला की 24 तासांत सी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, तो कोण भरणार? पोलीस व्हेरिफिकेशनला काय लिहायचं? दिल्लीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ऑफिसचं कार्ड आहे म्हणे, ते चालतं का? बाईंना खोली द्यायची आहे, भाड्याची गरजही आहे. सेक्रेटरी वाईट माणूस नाही, त्याला फक्त लचांड नको आहे. आणि दर दोन-तीन मिनिटांनी रिक्षावाला जिना चढून येतो: ‘काका, वेटिंग चालू आहे, सोडू का ठेवू?’

या प्रसंगात खलनायक नाही, म्हणून तो चालतो. सेक्रेटरी दुष्ट दाखवलात की प्रेक्षक सुटला. तो म्हणणार, मी काही असा नाही. सेक्रेटरीचं प्रत्येक वाक्य पटण्यासारखं लिहा. प्रेक्षकाने मान डोलवावी आणि तेवढ्यात रिक्षावाला परत यावा.

इथे नाटक संपवू नका, थांबवा. ऑगस्टो बोआल या ब्राझिलियन रंगकर्मीने ही पद्धत रूढ केली: सूत्रधार पुढे येतो आणि प्रेक्षकांना विचारतो, आता यांच्यापैकी कोणाच्या जागी येऊन तुम्ही वेगळं काही कराल? प्रेक्षकांतला माणूस उठून घरमालकीण होतो आणि सेक्रेटरीशी झगडून बघतो. बोआलला 1971 मध्ये अटक झाली आणि त्याला स्वतःच्या देशातून परागंदा व्हावं लागलं; या पद्धतीचा मोठा भाग त्याने परक्या देशांत राहून घडवला. आपल्याकडे 1985 मध्ये सुरू झालेली बंगालमधली ‘जन संस्कृती’ ही संस्था खेड्यापाड्यांत असं काम करत आली आहे. सूत्रधाराचं काम अवघड असतं. प्रेक्षकाला लाजवायचं नाही आणि सोपी सुटकाही द्यायची नाही. कोणी येऊन म्हणालं, ‘मी सेक्रेटरीला सांगेन माणुसकी दाखवा,’ तर सूत्रधाराने शांतपणे विचारायचं, ‘आणि सी फॉर्म?’ त्या एका प्रश्नाने सभागृहात जी शांतता पसरते, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा.

आता महाराष्ट्रातल्या ऐवजाबद्दल. तुमच्या आराखड्यात सीरिया आहे, युक्रेन आहे, पण आपण इथे कोणाला आश्रय दिला याचा उल्लेख नाही. हे मला फार खटकलं, कारण एवढा समृद्ध ऐवज हाताशी आहे.

कोल्हापूरजवळचं वळिवडे घ्या. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने लाखो पोलिश नागरिकांना सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलं. त्यातले काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश लोक वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. पोलंडने ही आठवण जपली आहे. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. आणि नाटकवाल्यांसाठी सोन्यासारखी गोष्ट पुढे आहे: पोलिश गेले आणि त्याच छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात. अख्ख्या पश्चिम महाराष्ट्रातून लोक कापड खरेदीला जातात ते हेच गांधीनगर. एका बराकीचं एकच दार, पाच वर्षांच्या अंतराने दोन भाषा. तिथे रोज दूध घालणारा वळिवड्याचा एक गवळी कल्पना. पोलिश बाईशी खुणांनी हिशेब करायला तो शिकला, आणि ती जाऊन तिथे सिंधी बाई उभी. हा गवळी एकटा 15 मिनिटं मंच पेलू शकतो. तो तुमचा आहे, कोल्हापुरी बोलतो, त्याला उसनं दुःख आणावं लागत नाही.

उल्हासनगरचंही तसंच. महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं आणून ठेवली, 1949 मध्ये नाव बदलून उल्हासनगर झालं. पण लोक अजूनही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ म्हणतात. तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला गेलात तर फाळणीत काय पाहिलं याने सुरुवात करू नका. आल्यावर पहिलं काम कोणतं केलं, पहिल्यांदा मराठीत काय विकत घेतलं, हे विचारा. ती भरभरून बोलतात. आणि त्यांना विचारा की सिंधमध्ये ‘भगत’ पाहिलं होतं का. भगत म्हणजे गाणं, नाच आणि गोष्ट एकत्र असलेला त्यांचा रात्रभराचा खेळ. तो आठवताना त्यांचा आवाजच बदलतो.

1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे 1 कोटी माणसं भारतात आली. त्या वर्षी नोव्हेंबरपासून टपालावर निर्वासितांच्या मदतीसाठी 5 पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. प्रेमपत्र असो, नोकरीचा अर्ज असो, 5 पैसे त्या अनोळखी माणसांसाठी. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत असं पाकीट सापडलं तर ते प्रयोगात प्रेक्षकांच्या हातातून फिरवा. बाकी नेपथ्य लागत नाही.

आणि तिबेटी. हिवाळ्यात स्वेटर बाजार लागतो तेव्हा आपण सगळे त्यांच्याकडून घासाघीस करून स्वेटर घेतो. ती माणसं कुठून येतात हे विचारत नाही. त्यांची एक वसाहत गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे, नोरग्येलिंग, 1972 पासूनची. तिथे जन्मलेली, शाळा-कॉलेज शिकलेली मुलं आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या हातात अजून परदेशी व्यक्तीचं नोंदणी प्रमाणपत्र असतं. स्वेटरची घासाघीस हा प्रसंग दहा मिनिटांत बसतो. गिऱ्हाईक आपण. विक्रेतीचं काम एखाद्या तिबेटी मुलीने करायची इच्छा दाखवली तर उत्तम, नाहीतर नुसतं गिऱ्हाईक दाखवा, समोरचा आवाज प्रेक्षकाला कल्पू द्या.

कवितांकडे येते. तुम्ही पाठवलेल्या दोन कविता वाचल्या. मनापासून लिहिल्या आहेत, पण दोन्हींत पक्षी आहेत, सीमा आहेत, रक्ताळलेली पावलं आहेत आणि एकीत माहेर आहे. माहेराबद्दल थोडं सांगते, कारण मराठीत हा विषय आला की ती प्रतिमा हटकून येते. माहेराहून आलेली मुलगी दिवाळीला परत जाते. भाऊबीज असते. जिथे परत गेलं तर तुरुंग किंवा गोळी आहे, त्या जागेला माहेर म्हटलं की सगळं गोड होऊन जातं. ओवीची चाल घ्या, तिचा सूर या विषयाला साजतो, पण आतला मजकूर दुसरा शोधा.

मी कार्यशाळेत एक व्यायाम देते. सरकारी अर्ज घ्यायचा, कुठलाही, रेशनचा, प्रवेशाचा. त्याचे रकाने म्हणजेच कवितेच्या ओळी. जगभरात अनेक निर्वासितांच्या कागदांवर जन्मतारीख 1 जानेवारी असते, कारण नेमकी तारीख सांगता आली नाही की नोंदवणारा तीच टाकतो. एवढ्या एका तपशिलात अख्खी कविता आहे. नमुना म्हणून मी लिहिलेला हा तुकडा पाहा:

नाव: लिहिलं.
वडिलांचं नाव: लिहिलं, दोनदा खोडून.
जन्मतारीख: आईला पाऊस आठवतो, तारीख नाही.
कायमचा पत्ता:
बाई म्हणाल्या, रिकामं सोडायचं नसतं.
मग तुमच्याच गल्लीचं नाव लिहिलं,
तुम्हालाच विचारून, ऱ्हस्व की दीर्घ.

यात एकही अश्रू नाही, सीमा नाही. मंचावर वाचताना ‘कायमचा पत्ता’ नंतर जेवढं थांबता येईल तेवढं थांबायचं. पथनाट्यातल्या ओरडण्याची सवय असलेल्या मुलांना हे जड जातं. तालीम ओळींची कमी आणि या थांबण्याची जास्त करा.

निर्वासित कवींच्या मूळ कविता घेणार असाल तर परवानगी घ्या, मानधन द्या, आणि शक्य असेल तर आधी मूळ भाषेत ऐकवा. तिबेटी, अफगाणांची दारी, अरबी, काहीही असो. अर्थ न कळता एक मिनिट त्या भाषेचा आवाज कानावर पडू द्या, मग मराठी. प्रेक्षकाला एक मिनिट काही न कळण्याचा अनुभव मिळतो, आणि परक्या देशात आलेल्या माणसाचे पहिले दिवस असेच असतात. कविता तीनपेक्षा जास्त नकोत. पाचवी कविता कोणी ऐकत नाही.

पोवाडा घ्यावा का, असंही तुम्ही विचारलं आहे. मी नाही घेणार. पोवाड्याला वीर लागतो, आणि निर्वासिताला वीर केलं काय किंवा बिचारा केलं काय, माणूस हातातून निसटतोच. त्यापेक्षा भारुड घ्या. एकनाथांच्या भारुडात बोलणारा स्वतःलाच चिमटा काढतो आणि ऐकणाऱ्याला त्यात ओढून घेतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला डफ-टाळावर भारुड गाऊ द्या, ‘नियम म्हणजे नियम’ हे धृपद करून. लोक हसतील, टाळ्या देतील, धृपद त्यांच्याही तोंडी बसेल. मग रिक्षावाला येईल.

आता शेवटच्या मनोगताबद्दल, आणि इथे मी सगळ्यात जास्त सावध राहायला सांगेन. खरा निर्वासित मंचावर आणला की कार्यक्रमाला वजन येतं असं आपल्याला वाटतं. त्याच्या बाजूने पाहा. त्याचा आश्रयाचा अर्ज अजून निकाली निघाला नसेल तर मंचावर बोललेलं वाक्य आणि मुलाखतीत सांगितलेलं वाक्य यांतली तफावत त्याला महागात पडू शकते. मायदेशी राहिलेल्या कुटुंबापर्यंत व्हिडिओ पोहोचू शकतो. भारतातल्या रोहिंग्यांसारख्या, ज्यांना परत पाठवलं जाण्याची भीती रोजची आहे, अशा समाजातल्या व्यक्तीचा चेहरा आणि नाव तर कार्यक्रमात आणूच नये असं माझं ठाम मत आहे. शिवाय जो प्रसंग आठवला की माणसाची रात्र जाते, तो दर प्रयोगाला नव्याने सांगायला लावणं हा छळ आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

वाटा आहेत. 2013 मध्ये जॉर्डनमध्ये सीरियन निर्वासित बायकांनी युद्धात हरलेल्या बायकांवरचं, युरिपिडीस या ग्रीक नाटककाराचं सुमारे अडीच हजार वर्षं जुनं नाटक घेतलं आणि त्याच्या कोरसमध्ये स्वतःचे अनुभव मिसळले. जुन्या नाटकाच्या आडोशाने त्यांना हवं तेवढंच सांगता आलं. घरच्यांच्या आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांच्या काळजीने काही जणींनी तालमी सोडल्या, आणि बाकीच्यांनी ते मान्य केलं. इंग्लंडमध्ये स्थलांतरितांना किती काळ डांबून ठेवायचं याला कायद्याने मर्यादा नाही. तिथे गॅटविकजवळच्या स्थानबद्धता केंद्रांत भेटी देणाऱ्या एका गटाने 2015 पासून पदयात्रा सुरू केली. दिवसभर चालायचं आणि मुक्कामी एक गोष्ट ऐकायची. बंदिस्त राहिलेल्या माणसाने आपली कहाणी लेखकाला सांगितलेली असते आणि लेखक ती नाव न घेता सादर करतो. दोन्हींत काय सांगायचं आणि काय झाकायचं याचा निर्णय ज्याची गोष्ट आहे त्याच्या हातात राहिला.

मेलबर्नमधली राइज ही निर्वासितांनीच चालवलेली संस्था आहे. त्यांनी 2015 मध्ये बाहेरून येणाऱ्या कलाकारांसाठी दहा मुद्दे लिहिले. त्यांतला गाभा मी माझ्या शब्दांत सांगते: आमचा संघर्ष ही तुमच्या कलेची संधी नाही, आम्ही कृतज्ञ राहावं ही अपेक्षा नको, आम्हाला एका ‘प्रश्ना’त कोंबू नका. कोणाला निमंत्रण देण्याआधी गटात बसून हे नीट बोला. आणि बोलावलंच तर व्यवहार सरळ ठेवा. विषय त्याने निवडायचा. त्याला फुटबॉलवर बोलायचं असेल तर फुटबॉलवर. मानधन ठरवा, प्रवासखर्च द्या, दुभाषा लागला तर तोही पैसे देऊन आणा. छायाचित्र आणि व्हिडिओ यांची परवानगी वेगळी घ्या, आणि आदल्या क्षणी नाही म्हणायची मुभा ठेवा. तसं झालं तर कार्यक्रम कोसळू नये अशी रचना करा. म्हणजे मनोगत शेवटी नको, मध्ये कुठेतरी ठेवा.

कोणी स्वतःहून मोठा धोका पत्करत असेल तर तो त्याचा अधिकार आहे. तेन्झिन त्सुंडू हा भारतात जन्मलेला तिबेटी कवी मुंबई विद्यापीठात शिकला आणि मुंबईतच वर्गमित्रांकडून पैसे जमवून त्याने पहिला कवितासंग्रह छापला. 2002 च्या जानेवारीत चीनचे पंतप्रधान मुंबईत असताना हा त्यांच्या हॉटेलबाहेरच्या परांचीवर चढला आणि स्वतंत्र तिबेटचा फलक फडकवला. कविता आणि कृती यांतलं अंतर त्याने स्वतः पुसलं, परिणाम स्वतः भोगले. तुम्ही दुसऱ्या कोणाला त्या परांचीवर चढवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. निर्वासितांची कला आपल्यात जागृती करण्यासाठी जन्मलेली नसते. 1959 च्या मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिबेटी लोकांनी आपली नृत्य-नाट्य संस्था उभी केली. राहायला धड घर नव्हतं तेव्हा. ल्हामो हा त्यांचा संगीतनाट्याचा प्रकार मरू नये म्हणून. तुमच्या कार्यक्रमात तिबेटी मुलं नाच करायला तयार झाली तर त्यामागे करुण संगीत आणि निवेदन लावू नका. तो आनंदाचा नाच असेल तर आनंदाचाच राहू द्या.

कायद्याच्या बाबतीत संहितेत दोन-तीन गोष्टी अचूक हव्यात. 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे छळ होण्याच्या रास्त भीतीने देशाबाहेर पडलेला तो निर्वासित. ज्याने तसा दावा केला आहे पण निर्णय व्हायचा आहे, तो आश्रय मागणारा. ही अवस्था वर्षानुवर्षं चालते. भारताने या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. परदेशी नागरिकांचा सर्वसाधारण कायदा लागू होतो, जो 2025 मध्ये नव्याने केला गेला. मात्र संविधानाचं कलम 21 प्रत्येक व्यक्तीच्या जीविताचं रक्षण करतं, फक्त नागरिकाच्या नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये त्याच आधारावर अरुणाचल प्रदेश राज्याला त्यांचं संरक्षण करायला सांगितलं. आकडा सांगायचा तर एकच सांगा: 2024 च्या अखेरीस जगात 12 कोटींहून अधिक माणसं बळजबरीने विस्थापित झालेली होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त आपल्याच देशाच्या हद्दीत होती. त्यापुढे आकडे वाढवले की कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

प्रयोगानंतर कोणीतरी उठून ‘पण हे घुसखोर नाहीत कशावरून?’ असं विचारणारच. त्या माणसाला गप्प करू नका. तो खरं तर तुमच्या नाटकातच भाग घेतोय. सीमेवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे हे मान्य करा आणि मग विचारा, की दावा खरा की खोटा हे तपासायला ऐकून तर घ्यावं लागेल ना? ऐकून घेईपर्यंत त्या माणसाने कुठे राहायचं? चर्चेत उत्तर द्यायला कायदा जाणणारं कोणी सोबत ठेवा. विधी महाविद्यालयातले प्राध्यापक अशा कामाला आनंदाने येतात, आधी विचारलं तर.

राहता राहिल्या तयारीच्या गोष्टी. चौकात करणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी घ्या आणि अर्जात विषय जसा आहे तसा लिहा. नाट्यगृहात जाहीर प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, त्याला वेळ लागतो, म्हणून संहिता मे महिन्याच्या आधीच पक्की करा. 20 जूनला पुण्यात पाऊस असणार हे धरून चाला आणि छप्पर असलेली जागा बघा. कॉलेजचा पोर्च, एखाद्या मोठ्या सोसायटीचं पार्किंग. सोसायटीचं पार्किंग मिळालं तर सगळ्यात चांगलं, आणि परवानगी मागायला तिथल्या सेक्रेटरींकडे दिग्दर्शकाबरोबर सेक्रेटरीची भूमिका करणाऱ्या मुलालाही पाठवा. त्यांचं बोलणं, त्यांच्या शंका, त्यांचं रजिस्टर, सगळं त्याने नीट पाहून यावं.